अगेनबाईंच्या हाताखाली बारा आठवडे

माझी भाची सातव्या महिन्यातच जन्माला आली, तेव्हापासून घरात तिला सगळे घाई म्हणतात. कागदोपत्री तिला चांगलं नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघत नाही. स्वभावही तसाच. पिशवीची गाठ सोडण्याऐवजी पिशवी फाडणार, आणि समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं स्वतःच पूर्ण करून त्याचं उत्तरही देऊन मोकळी होणार. अशा मुलीने शिकायला काय घ्यावं, तर कृत्रिम हातपाय बनवायचं शास्त्र! प्लास्टर वाळेपर्यंत थांबा, पेशंटची सूज उतरेपर्यंत थांबा, तो चार पावलं टाकून "इथे टोचतंय" म्हणेपर्यंत थांबा. मी तेव्हाच तिच्या आईला म्हटलं होतं, "ताई, ही एक तर धंदा सोडेल, नाहीतर पेशंटला." ताई म्हणाली, "तू नाट लावू नकोस."

चौथ्या वर्षाला त्यांना बाहेर कुठेतरी प्रत्यक्ष काम शिकायला जावं लागतं. तिच्या कॉलेजचं परदेशातल्या एका कार्यशाळेशी ठरलेलं होतं. दरवर्षी एक विद्यार्थी, बारा आठवडे. ती जागा खरं तर वर्गातल्या दुसऱ्याच मुलाची. पण त्याच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव चुकीचं छापून आलं, ते दुरुस्त होईना, आणि निघायला अकरा दिवस उरले असताना जागा घाईच्या पदरात पडली. घरातलं कोणी त्याआधी विमानात बसलेलं नव्हतं. भावजी पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्ह उघडबंद करायच्या कामावर. त्यांनी त्या अकरा दिवसांत ज्या ज्या गल्लीचं पाणी सोडलं, त्या त्या गल्लीला सांगून टाकलं की मुलगी परदेशात मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली चालली आहे.

मी एका दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर बसते. दुपारी मी डबा उघडायची वेळ आणि तिकडे घाईची कामावर चालत जायची वेळ एकच. चालता चालता ती मला बोलून निरोप पाठवी, त्यामुळे ते बारा आठवडे मी भाजीपोळीबरोबर तिचा वैताग खाल्ला असं म्हणायला हरकत नाही.

पहिल्या निरोपात घर होतं. घरमालकीण सत्तरीची, एकटी, टापटिपीची. खोली तिसऱ्या मजल्यावर, थेट छपराखाली. छप्पर दोन्ही बाजूंनी उतरतं, त्यामुळे ताठ उभं राहायचं तर फक्त खोलीच्या मधोमध. "मावशी, दोन दिवसांत तीन टेंगळं आलीत." घरमालकिणीला बोलायची हौस नव्हती, चिठ्ठ्या लिहायची होती. नळावर चिठ्ठी, दिव्याच्या बटणाखाली चिठ्ठी, जिन्याच्या करकरणाऱ्या पायरीवर चिठ्ठी. घाई त्यांच्यावर मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर वाची. खिडकीवरच्या चिठ्ठीचं भाषांतर निघालं, "खिडकीला रडवू नका." दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला की ओले कपडे खोलीत वाळत घालू नका, काचेला पाणी सुटतं.

"मग सरळ लिहा ना, कपडे वाळवू नका! खिडकी कशाला रडवता?"

"अगं, तिने सरळच लिहिलं असेल. मोबाइलला कळलं नसेल," मी म्हटलं.

"तू तिची बाजू घेऊ नकोस."

कार्यशाळा एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती, धोबीखान्याला लागून. पहिल्या खोलीत पेशंट. तिथे भिंतभर आरसा, आणि धरून चालायला कमरेच्या उंचीच्या दोन समांतर दांड्या. मधल्या खोलीत भट्टी आणि यंत्रं. शेवटची खोली प्लास्टरची. तिथे छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर ओळीने पांढरे पाय, आणि बेसिनखाली वाहून जाणारं प्लास्टर अडवायला ठेवलेली एक बादली, जी भरली की दोघांनाही उचलवत नसे. ती रिकामी करायचं काम पहिल्याच दिवशी घाईकडे आलं.

पेशंटला हात लावायची तिला परवानगी नव्हती. त्यासाठी तब्येतीचा दाखला आणि त्यावर एका कचेरीचा शिक्का हवा होता. कचेरी सकाळी दोनच तास उघडी. चार नंबरची खिडकी म्हणे दोनवर जा, दोन नंबर म्हणे आधी चारची सही आणा. सही मिळाली तर फोटोत कान दिसत नव्हते. "मावशी, मी कानांनी पाय बनवणार आहे का?" मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसणारी बाई, मला त्या खिडकीवाल्याचीच थोडी दया आली. शिक्का मिळायला सोळा दिवस लागले. तोवर प्लास्टरची खोली.

तिथेच तिला अगेनबाई भेटल्या. हे नाव अर्थात घाईने ठेवलेलं. बाई कार्यशाळेच्या प्रमुख. साठीच्या आसपास, ठेंगण्या, केस मागे घट्ट बांधलेले, भुवयांवर कायम पांढरी धूळ. त्यांना त्यांची भाषा सोडून दुसरी येत नव्हती. इंग्रजीचे असतील दहाबारा शब्द, आणि त्यातला वापरातला एकच. अगेन.

काम असं होतं. पेशंटच्या उरलेल्या पायावर ओली प्लास्टरची पट्टी गुंडाळतात. ती वाळली की खोळीसारखी निघते. त्या खोळीत पातळ प्लास्टर ओतायचं, घट्ट झालं की वरची खोळ कापून टाकायची. आत राहतो त्या पायाचा पांढरा ठोकळा. मग तो कानशीने घासायचा. गुडघ्याच्या वाटीखाली भार पेलता येतो, तिथे थोडं घासून कमी करायचं. नडगीच्या टोकाला भार सोसत नाही, तिथे उलट प्लास्टर चढवायचं. शेवटी त्या ठोकळ्यावर गरम प्लास्टिक ओढून पाय ज्यात बसतो तो कप बनवतात. ठोकळा चुकला की पुढचं सगळं चुकलं.

अगेनबाईंनी तिला जुन्या, टाकून दिलेल्या खोळींचा ढीग दिला आणि एक ठोकळा स्वतः करून दाखवला. घाईने दिवसभर खपून पहिला केला. बाई आल्या, ठोकळा हातात घेतला, अंगठा फिरवला, जाडी मोजायचा कॅलिपर लावून पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अगेन." आणि निघून गेल्या.

घाईला काय वाटलं असेल ते सांगायला नको. नापास! तिने हातोडी घेतली, ठोकळ्याच्या ठिकऱ्या उडवल्या, तुकडे पोत्यात भरले आणि दुसरा करायला घेतला. दुसऱ्या दिवशी दुसरा. अंगठा, कॅलिपर, "अगेन." हातोडी. तिसरा, चौथा, सातवा.

"काय चुकलं ते तरी सांगावं माणसाने!" रोज माझ्या डब्यासमोर हेच. "शाळेत फुल्या मारतात, पण कुठे चुकलं तिथे मारतात. ही बाई नुसती अगेन म्हणते नि जाते. काल मी मुद्दाम विचारलं, व्हॉट राँग? तर माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी आहे. खांदे उडवले. अगेन!"

त्यात तिच्या आईचा फोन. घाईने आईला दहादा सांगितलं होतं, कामाच्या वेळात करू नकोस. ताईच्या मते मुलगी शिकायला गेली आहे म्हणजे कामाला नाही, तेव्हा कामाची वेळ कुठली? ती हटकून घाईचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये असतानाच फोन करी, आणि पलीकडे भावजी, शेजारच्या काकू, काकूंची सून, सगळे ओळीने.

"काय शिकतेस गं?" काकूंनी विचारलं.

"फोडायला," घाई म्हणाली.

काकूंनी ते भावजींना सांगितलं आणि भावजींनी संध्याकाळपर्यंत गल्लीत सांगून टाकलं की मुलगी शस्त्रक्रिया शिकते आहे.

कार्यशाळेत तिसरा माणूस होता चामड्याचे पट्टे शिवणारा. चामडेवाला सत्तरीला टेकलेला. तरुणपणी बोटीवर खलाशी होता, त्यामुळे त्याला इंग्रजी बऱ्यापैकी येई, पण तो बोलायचाच नाही. तोंडात दोरा धरून दिवसभर चामड्याला भोकं पाडायची आर मारत बसलेला. घाई फोडाफोडी करायला लागली की उठून मधलं दार लावून घ्यायचा, आवाज नको म्हणून.

शिक्का मिळाला, आणि चौथ्या आठवड्यात तिला पहिल्यांदा खऱ्या पेशंटचं काम मिळालं. पेशंट म्हणजे मधमाश्या पाळणारे एक आजोबा. ट्रॅक्टरखाली सापडून डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. जुना पाय दहा वर्षांचा, सैल होऊन घासायला लागलेला. माणूस महा तिखट. राहायचे दोन बस बदलून तीन तासांवर. त्यांची खोळ एकदा काढून झाली होती, पण पट्टी ओली असताना त्यांना शिंक आली आणि ती बिघडली. म्हणून ते दुसऱ्यांदा आले होते, आणि सगळ्या कार्यशाळेवर डाफरत होते. अगेनबाईंनी खोळ काढली, आजोबा परत गेले, आणि खोळ घाईच्या हातात आली.

दोन दिवस घाईने त्या ठोकळ्यावर जीव ओतला. मला निरोपसुद्धा पाठवला नाही, यावरून समजा. पेशंटच्या पायावर काढलेल्या निळ्या पेन्सिलीच्या खुणा प्लास्टरवर उमटतात. त्या खुणा पुसू न देता, जिथे जेवढं हवं तिथे तेवढंच तिने घासलं. तिसऱ्या दिवशी सकाळी अगेनबाई आल्या. अंगठा फिरवला. कॅलिपर लावला. या वेळी जरा जास्तच वेळ लावला. मग ठोकळा टेबलावर ठेवला, फळीकडे बोट केलं, "अगेन" म्हणाल्या आणि वाजणारा फोन घ्यायला बाहेर गेल्या.

घाईच्या डोक्यात तिडीक गेली. तिनेच मला नंतर सांगितलं, "मावशी, मला कळायला हवं होतं. खोळ कापलेली होती. ठोकळा गेला की परत काढायला काहीच उरत नाही. पण मला दिसतच नव्हतं काही. अठरावं अगेन होतं ते." तिने हातोडी उचलली आणि एका घावात आजोबांच्या पायाचे दोन तुकडे केले. मग त्या दोनाचे दहा.

अगेनबाई फोन संपवून दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. मग स्टूल ओढून बसल्या. दोन्ही हात तोंडावर धरले. आणि मग त्या बोलल्या. चार आठवड्यांत पहिल्यांदा बोलल्या, त्यांच्या भाषेत, न थांबता, आवाज चढत चढत. घाई हातोडी घेऊन उभी. मधलं दार उघडून चामडेवाला आत आला, तोंडातला दोरा काढून खिशात ठेवला.

"काय म्हणताहेत त्या?" घाईने विचारलं.

"विचारताहेत, तू चांगली कामं का फोडतेस?"

"चांगली? त्याच तर म्हणतात अगेन!"

चामडेवाला बाईंशी बोलला. बाई त्याच्याशी बोलल्या. मग तो घाईकडे वळला. "आमच्या भाषेत पुन्हा आणि आणखी, दोन्हीला एकच शब्द आहे, पोरी. त्यांना म्हणायचं असतं, हे झालं, आता आणखी एक घे. फळीवर बघ, पेशंटच्या सव्वीस खोळी पडून आहेत."

घाईच्या हातातून हातोडी सुटली ती थेट बादलीत.

"म्हणजे ते अठराच्या अठरा..."

"पहिले तीन वाईट होते. बाकीचे बरे होते. त्यांना वाटलं, तुमच्याकडे सरावाचं काम फोडून टाकायची पद्धत असेल. कोणाच्या पद्धतीत बोलू नये म्हणून गप्प राहिल्या. पण आज पेशंटचा फोडलास."

"आणि तुम्ही? तुम्हाला दोन्ही भाषा येतात! चार आठवडे पलीकडे बसून होतात!"

"मला कोणी विचारलं नाही," चामडेवाला म्हणाला.

हे ऐकून मला माझ्या खिडकीवर हसू फुटलं. पण आता त्या आजोबांना फोन करायचा होता. तो घाईनेच करावा असं अगेनबाईंनी ठरवलं. घाई बोलली, चामडेवाल्याने पोचवलं. पलीकडून एवढा आवाज आला की चामडेवाल्याने रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला.

"काय म्हणतात?" घाईने विचारलं.

"सगळं सांगू?"

"कामाचं सांगा."

"माश्या पेट्या सोडून निघायचे दिवस आहेत म्हणतात. एक दिवस माणूस जागेवर नसला तर अख्खं पोळं उठून जातं. तिसऱ्यांदा येणार नाही. जुन्या पायावर रडत राहीन पण येणार नाही."

अगेनबाईंनी फोन मागून घेतला, चार शब्द बोलल्या आणि ठेवून दिला. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर शनिवारवर बोट ठेवलं, स्वतःकडे बोट केलं, घाईकडे केलं, आणि हाताने गाडी चालवल्याची खूण केली.

चामडेवाला येणार का असं विचारलं तर तो म्हणाला, "मला माश्या चावतात," आणि आर घेऊन बसला.

शनिवारी सकाळी त्या दोघी निघाल्या. बाईंची लहानशी जुनी गाडी, मागच्या सीटवर पट्ट्यांची खोकी, दोन बादल्या, कात्र्या, जुने टॉवेल. दीड तासाचा रस्ता आणि बोलायला भाषा नाही. घाईला गप्प बसायची शिक्षा म्हणजे काय, हे आम्हा घरच्यांनाच माहीत. तिने माफी मागायची तालीम केली होती. मोबाइलमध्ये वाक्य लिहून भाषांतर करून ठेवलं होतं, पण खिडकीच्या रडण्याची आठवण येऊन दाखवायचं धाडस होईना. न जाणो, "तुमचा पाय मला माफ करो" असं काहीतरी निघायचं. शेवटी तिने नुसतं "सॉरी" म्हटलं. बाईंनी मान हलवली.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की बाई गिअर टाकताना दांडा बोटांनी धरत नाहीत, तळव्याने ढकलतात. दोन्ही अंगठ्यांची मुळं सुजलेली. घाई बघते आहे हे त्यांनी पाहिलं आणि हात मांडीवर घेतला. फळीवर सव्वीस खोळी का साचल्या होत्या, ते घाईला तेव्हा कळलं.

आजोबांचं घर शेताच्या कडेला, मागे उतारावर चाळीसेक निळ्या-पांढऱ्या पेट्या. आजोबा अंगणात उंच स्टुलावर पाय मोकळा करून बसलेलेच होते. तोंड फुगलेलं. घाईकडे बघून काहीतरी बोलले. ती म्हणते, कळलं नाही ते बरंच झालं.

पाणी विहिरीचं, बर्फासारखं गार. कार्यशाळेत कोमट पाण्यात प्लास्टर चारेक मिनिटांत धरतं. गार पाण्यात त्याला दुप्पट वेळ लागतो. अगेनबाईंनी पातळ मोजा चढवला, निळ्या पेन्सिलीने खुणा केल्या, पट्टीचे पहिले दोन वेढे घेतले आणि बाजूला सरकल्या. घाईला पुढे व्हायची खूण केली. उरलेले वेढे तिने घेतले. आता दोन्ही अंगठे गुडघ्याच्या वाटीखाली, बोटं मागच्या खोबणीत, आणि प्लास्टर धरेपर्यंत जराही न हलता दाबून ठेवायचं. हलली की खोळ बिघडली, आणि ती बिघडली असती तर आजोबांनी दोघींना पेट्यांमध्येच सोडलं असतं.

घाईने धरलं. एक मिनिट, दोन मिनिटं. आणि माश्या आल्या.

माश्यांना पाणी लागतं हे तिला कुठे ठाऊक? बादलीच्या काठावर आधी एक बसली, मग पाच, मग विसेक. त्यातली एक ओल्या पट्टीवर आली, तिथून घाईच्या मनगटावर. घाई गुडघ्यांवर बसलेली, दोन्ही हात अडकलेले, माशी बाहीच्या आत शिरायच्या बेतात. जन्मभर एका जागी दोन मिनिटं न बसलेली पोर श्वास रोखून त्या माशीकडे बघत राहिली. आजोबाही बघत होते. अगेनबाईंनी माशी उडवायला टॉवेल पुढे केला, तर आजोबा ओरडले, बहुधा झटकू नका म्हणून. पण टॉवेलचा वारा लागला होता. माशीने डंख मारला.

"आई गं! आई, आई, आई, मेले!" घाई शुद्ध मराठीत बोंबलली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पण अंगठे जिथे होते तिथेच.

आजोबा पुढे वाकले, नखाने आडवं खरवडून काटा काढला आणि पहिल्यांदा हसले. हसताना त्यांचं पोट हललं म्हणून घाई पुन्हा ओरडली, "हलू नका हो!" ही मराठी मात्र त्यांना कळली. ते एकदम स्तब्ध झाले. मग म्हातारा आणि पोरगी तशीच एकमेकांसमोर, न हलता, सहा मिनिटं. अगेनबाई घड्याळ धरून उभ्या. अखेर त्यांनी प्लास्टरवर टिचकी मारली. खणखणीत आवाज आला.

खोळ निघाली ती स्वच्छ. परत येताना ती टॉवेलात गुंडाळून घाईने मांडीवर घेतली होती, आणि मनगट सुजून पोळीएवढं झालं होतं.

तो दुसरा ठोकळा तिने चार दिवस घेऊन केला. हातोडी चामडेवाल्याने आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवली होती. ठोकळ्यावरून आधी पारदर्शक प्लास्टिकचा तात्पुरता कप केला, आत कातडी कुठे दाबली जाते ते दिसावं म्हणून. तो घालून बघायला आजोबा माश्यांचे दिवस सरल्यावर आपण होऊन आले. दांड्या धरून चालले, नडगीच्या बाजूला टोचतंय म्हणून सगळ्यांचा उद्धार केला. घाईने खाली बसून आतला पांढरा पडलेला ठिपका शोधला, बाईंनी तेवढी जागा गरम करून बोटभर फुगवली. परत घातला, परत चालले. या वेळी शिव्या दिल्या नाहीत. दांड्या मध्येच सोडून ते आरशापर्यंत गेले आणि मिशी नीट केली. पक्का पाय व्हायला आणखी महिना होता, तोवर घाईचे बारा आठवडे संपले. तो पाय तिने पाहिलाच नाही, याचा तिला अजून राग आहे.

परत आल्यावर नवाच ताप. अगेनबाईंनी तिच्या कामाचा अहवाल दिला होता, चांगला चार पानी, पण त्यांच्या भाषेत. कॉलेजच्या कारकुनाने तो उलटासुलटा करून पाहिला.

"हे काय आहे?"

"अहवाल."

"इंग्रजीत आणा. नाहीतर शेऱ्याची जागा रिकामी राहील."

अधिकृत भाषांतरकार महिना लागेल म्हणाला. घाई थांबते होय? तीन रविवार ती माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोबाइल आणि जाडजूड शब्दकोश घेऊन बसली. मी कणीक मळत होते, ती एकेक शब्द उकरत होती आणि करवादत होती. पहिल्या पानावर तक्रारी होत्या. दारं आपटते. उभ्याने जेवते. आईशी फार मोठ्याने बोलते. दुसऱ्या पानावर फोडलेल्या ठोकळ्याची हकिगत होती. ती तिला सोडूनच द्यायची होती, पण मी म्हटलं, वाच.

वाचता वाचता ती थांबली. मग सावकाश मराठीत म्हणाली, "पेशंटचा पहिला ठोकळा चांगला होता. दुसरा त्याहून चांगला झाला. मला तिला हे सांगायचं होतं, पण माझ्याजवळ शब्द नव्हता."

मी हात धुतले. तिने शब्दकोश आपटला.

"गुड म्हणायचं ना! गुड एवढा एक शब्द येत नव्हता? अंगठा वर करायचा नुसता! बारा आठवडे, मावशी, बारा आठवडे मी..." आणि उठून मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत बसली. परत आली ती डोळे लाल घेऊन, आणि तिसरं पान उघडलं.

भाषांतर पुरं करून तिने कारकुनाला नेऊन दिलं. तो म्हणाला, स्वतःच्या अहवालाचं भाषांतर स्वतः केलेलं चालत नाही. तेव्हा गुण हजेरीवर मिळाले. शंभरातले पंचावन्न. भावजींनी ते कुठल्याच गल्लीला सांगितलं नाही.

गेल्या वर्षापासून ती आमच्याच दवाखान्यात, तळमजल्यावरच्या कृत्रिम अवयव केंद्रात कामाला लागली आहे. माझ्या खिडकीवरून पेशंट तिच्याकडे जातात, आणि येताना तक्रार घेऊन येतात की त्या बाई फार चिडक्या आहेत, हललं की ओरडतात. मी त्यांना विचारते, पाय बसतोय का नीट? ते म्हणतात, पाय बसतोय हो. मग मी पुढचा केसपेपर काढते.